नवरा जिवंत आहे, हाच तिचा पुरावा

नमस्कार ताई,
मी सांगलीत बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या एकांकिकेची संहिता यंदा मी लिहिली आहे. बीज 'डबल जेपर्डी' या इंग्रजी सिनेमावरून सुचलं. माझी नायिका रत्नागिरीची. नवरा रात्री होडीवरून नाहीसा होतो, होडीत रक्त आणि चाकू सापडतो, तिला जन्मठेप होते. चौदा वर्षं भोगून ती सुटते आणि नवरा दुसऱ्या नावाने गोव्यात मजेत राहतोय हे तिला कळतं. शेवटी म्हापशाच्या भर बाजारात ती त्याला मारते आणि पोलिसांना म्हणते, "या खुनाची शिक्षा मी आधीच भोगली आहे. आता मला हात लावता येणार नाही." वाचनाला या वाक्यावर कडकडून टाळ्या पडल्या. पण माझे मामा जिल्हा कोर्टात वकील आहेत. ते म्हणाले, "हे कोर्टात पाच मिनिटं टिकणार नाही, शेवट फाडून टाक." तेव्हापासून आमच्यात अबोला आहे. ग्रुप म्हणतो, हे नाटक आहे, कोर्ट नाही. मामांचं ऐकू की ग्रुपचं?
— एक लेखिका, सांगली

प्रिय लेखिके,

कायद्याच्या प्रश्नावर तुझे मामा शंभर टक्के बरोबर आहेत. शेवट बदलावा लागेल. पण फाडून टाकण्यासारखं त्यात काही नाही. तुझ्या हातात जे कथानक आहे ते खऱ्या कायद्याच्या जोरावर सिनेमापेक्षा जास्त धारदार होईल, असं मला मनापासून वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सिनेमाबद्दल, कारण घोळ तिथूनच सुरू झालाय. 'डबल जेपर्डी' १९९९चा, दिग्दर्शक ब्रूस बेरेसफर्ड. ॲशली जडची लिबी नवऱ्याबरोबर शिडाच्या बोटीवर जाते, रात्री जाग येते तर जिकडेतिकडे रक्त, नवरा गायब, आणि ती चाकू हातात घेऊन उभी असतानाच तटरक्षकांचा झोत तिच्यावर पडतो. देह सापडत नाही, तरी शिक्षा होते. पुढे तुरुंगातून ती मुलाशी फोनवर बोलत असते आणि मध्येच मुलगा "डॅडी!" म्हणून ओरडतो. तिला सगळं कळतं, आपल्याला कळतं, आणि फोन बंद होतो. हा प्रसंग मला आजही अंगावर येतो.

नंतर तिच्याबरोबरची एक कैदी, जी पूर्वी वकील होती, तिला सांगते की एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालत नाही (यालाच इंग्रजीत 'डबल जेपर्डी'चा नियम म्हणतात), तेव्हा बाहेर गेल्यावर त्याला खुशाल मार. शेवटाकडे टॉमी ली जोन्सचा पॅरोल अधिकारी, जो पूर्वी कायद्याचा प्राध्यापक होता, तोही नवऱ्याला हेच ऐकवतो. कायदा जाणणाऱ्या दोन माणसांच्या तोंडून आल्यामुळे प्रेक्षक ते खरं धरून चालतो. तूही धरलंस. त्यात तुझा दोष नाही.

पण शेवट पुन्हा एकदा पाहा. लिबी नवऱ्याला तुरुंगात पाठवायला बघत असते. तो बंदूक काढतो, अधिकाऱ्याला गोळी घालतो, आणि मग ती त्याच्यावर गोळी झाडते. हा सरळ सरळ स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या बचावाचा प्रकार झाला, आणि त्याला कुठल्याही देशात वेगळं संरक्षण आहे. म्हणजे ज्या कलमाच्या नावावर सिनेमा उभा आहे, त्याचा शेवटी उपयोगच होत नाही. तू मात्र तेच कलम शेवटच्या वाक्यात ठेवलंस, आणि सगळा भार त्याच्यावर टाकलास.

आता कायदा. अमेरिकेच्या संविधानाची पाचवी दुरुस्ती आणि आपल्या संविधानाचा अनुच्छेद २०(२), दोन्ही सांगतात की एकाच अपराधाबद्दल माणसाला दोनदा धरता येणार नाही. आपल्याकडे प्रक्रियेचं कलम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत ३०० होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३३७ आहे. सगळी गोम 'एकाच अपराधाबद्दल' या शब्दांत आहे. खुनाचा अपराध म्हणजे 'अमुक माणूस मेला' एवढंच नसतं. कोणत्या दिवशी, कुठे, कशाने, कोणत्या हेतूने, हे सगळं मिळून तो अपराध होतो.

मामांकडे एखाद्या सेशन केसचा दोषारोप मागून वाच. तुझ्या नायिकेवरचा पहिला दोषारोप साधारण असा असेल: "तुम्ही दिनांक ११ मे २००९ रोजी रात्री दहाच्या सुमारास, मिरकरवाडा बंदरापासून काही अंतरावर समुद्रात, होडीवर, आपले पती अमुक यांस चाकूने वार करून जिवे ठार मारले." आणि दुसरा: "तुम्ही दिनांक १० जानेवारी २०२५ रोजी सकाळी अकराच्या सुमारास, म्हापसा येथील बाजारात, तमुक नावाच्या इसमास जिवे ठार मारले." दोन्ही कागद शेजारी ठेव. तारीख वेगळी, गाव वेगळं, कृती वेगळी, कलमही वेगळं. जुन्याला भारतीय दंड संहितेचं ३०२, नव्याला भारतीय न्याय संहितेचं १०३. आणि मेलेल्या माणसाचं नावसुद्धा वेगळं, कारण तो गोव्यात खोट्या नावाने राहतोय. पहिल्या कागदावरचा खून झालाच नव्हता. दुसरा झालाय. कुठलाही न्यायाधीश याला एकच अपराध म्हणणार नाही.

आणि बचावाचा हा मुद्दा मांडताना तिला काय सिद्ध करावं लागेल बघ. मेलेला इसम म्हणजेच माझा नवरा, हे. ते सिद्ध झालं की २००९ साली खून झालाच नव्हता हेही सिद्ध होतं. मग "याच खुनाची शिक्षा भोगली" म्हणायला तो खून उरतो कुठे? शिक्षा म्हणजे काही आगाऊ भरलेलं भाडं नव्हे, की ज्यावर नंतर कधीही प्रवास करावा.

सिनेमात तर आणखी एक अडचण आहे. लिबीला शिक्षा वॉशिंग्टन राज्याच्या हद्दीतल्या घटनेबद्दल होते आणि शेवट लुईझियानात, न्यू ऑर्लिन्सला. अमेरिकेत प्रत्येक राज्य स्वतंत्र सत्ता मानलं जातं. १९८५च्या हीथ विरुद्ध अलाबामा या खटल्यात एका माणसाने पत्नीचं अपहरण करवून तिला मारवलं होतं. अलाबामातून तिला उचललं आणि देह जॉर्जियात मिळाला. जॉर्जियात त्याने गुन्हा कबूल करून जन्मठेप घेतली. नंतर अलाबामाने त्याच खुनाबद्दल वेगळा खटला चालवून त्याला देहदंड दिला, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो योग्य ठरवला. जिथे खराखुरा एकच खून दोन राज्यांत दोनदा चालतो, तिथे लिबीचा बचाव उभाच राहत नाही. आपल्याकडे राज्यांचं असं नाही, त्यामुळे रत्नागिरी आणि गोवा या फरकावर तुला विसंबता येणार नाही. पण त्याची गरजही नाही, वरचे दोन दोषारोप पुरेसे आहेत.

आपल्या कोर्टांनी या अनुच्छेदाचा अर्थ किती काटेकोर लावला आहे, त्याचं एक उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे. १९४९ साली मकबूल हुसेन नावाचा प्रवासी जेद्दाहहून सांताक्रूझ विमानतळावर उतरला. झडतीत त्याच्याकडे शंभरावर तोळे सोनं सापडलं. कस्टम्सने ते जप्त केलं. नंतर त्याच सोन्यावरून परकीय चलनाच्या कायद्याखाली खटला भरला, तेव्हा तो म्हणाला, मला एकदा शिक्षा झाली आहे. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कस्टम्सचे अधिकारी म्हणजे न्यायालय नव्हे, जप्ती म्हणजे खटला नव्हे, तेव्हा हा दुसरा खटला नाहीच. एकाच सोन्याबद्दलचा बचाव जिथे चालला नाही, तिथे पंधरा वर्षांनी दुसऱ्या गावात केलेल्या खुनाचं काय होईल?

आता तुझ्या संहितेतली दुसरी गोष्ट, जी मला शेवटाहूनही जास्त खटकली: "चौदा वर्षं भोगली, जन्मठेप संपली." जन्मठेप चौदा वर्षांची नसते. ती जन्माचीच असते. गोपाळ गोडसेने महाराष्ट्र सरकारविरुद्ध हाच मुद्दा नेला होता आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, सरकारने सूट दिली तरच माणूस आधी सुटतो. खुनासारख्या गुन्ह्यात किमान चौदा वर्षं आत काढल्याशिवाय ती सूट देता येत नाही, आणि लोकांच्या मनात तो आकडा तेवढाच राहिला. दिवस आणि रात्र वेगळे मोजतात, हीसुद्धा अशीच ऐकीव गोष्ट.

म्हणून आधी हे ठरव की तुझी नायिका बाहेर आली कशी. शासनाने उरलेली शिक्षा माफ केली, की ती संचित रजेवर किंवा अभिवचन रजेवर आली आहे? फर्लो आणि पॅरोलला आपल्या तुरुंगांत हे शब्द आहेत, आणि ते संवादात आले तर संहितेला लगेच वजन येईल. हा तपशील क्षुल्लक नाही. ती रजेवर असेल, तर कायद्याच्या लेखी अजून जन्मठेपेखाली आहे. जन्मठेप भोगत असलेल्याने खून केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०४ खाली दोनच शिक्षा आहेत: देहदंड, किंवा मरेपर्यंतची कैद. म्हणजे तुझी नायिका ज्या पहिल्या शिक्षेला ढाल समजते, तीच तिच्या गळ्याशी येते. पहिला निकाल चुकीचा होता हे तुला-मला ठाऊक आहे. कागदावर तो रद्द होईपर्यंत ती खुनीच आहे.

आणि हा कागद रद्द कशाने होणार? इथे तुझ्या नाटकाचं खरं मर्म आहे, आणि सिनेमाने ते जवळजवळ हातचं घालवलं. नवरा जिवंत आहे, हाच तिच्या निर्दोषपणाचा एकमेव पुरावा. तो श्वास घेतोय तोवर ती निर्दोष ठरू शकते. तिने त्याला मारलं, की ती आपल्या हाताने आपली सुटका मारते. ज्या माणसाचा जीव घ्यावासा वाटतो, त्याचाच जीव तिला जपावा लागणार आहे. तो पळून जाऊ नये, आजारी पडू नये, कुणी त्याला इजा करू नये, याची काळजी जगात फक्त तिलाच आहे. म्हापशाच्या बाजारात ती त्याच्यासमोर उभी आहे, पिशवीत कोयता आहे, आणि तिला हे उमगतं. यापेक्षा मोठा ताण रंगमंचावर मला सुचत नाही. तिचा भाऊ कोयता उचलतो आणि ती मध्ये पडते, असंही होऊ शकेल. ते तू ठरव, नाटक तुझं आहे.

मेलेला परत आला, हे काही सिनेमातच घडतं असं समजू नकोस. इंग्लंडमधल्या चिपिंग कॅम्पडन गावातून १६६० साली विल्यम हॅरिसन हा वयस्क कारभारी बेपत्ता झाला. त्याचा नोकर जॉन पेरी याने आपल्याच आईचं आणि भावाचं नाव घेतलं. देह मिळाला नाही. १६६१ साली तिघांनाही फाशी दिली. १६६२ साली हॅरिसन चालत घरी आला. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, कोडगू जिल्ह्यातल्या एका माणसावर बेपत्ता पत्नीच्या खुनाचा खटला चालू होता. सापडलेला सांगाडा तिचाच असं पोलिसांचं म्हणणं होतं. तो तुरुंगात राहून आला, आणि २०२५च्या एप्रिलमध्ये ती जिवंत दिसली. कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. तिला लोकांसमोर, कोर्टासमोर उभं करता आलं, म्हणून त्याची सुटका झाली. पेरी कुटुंबाला ती संधीच नव्हती.

देह नसताना शिक्षा होते हे मात्र तू बरोबर दाखवलंस. देह मिळालाच पाहिजे अशी अट नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१च्या रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश या निकालात सांगितलं आहे. परिस्थितीजन्य पुरावा भक्कम असला की पुरतं. त्यामुळे तुझा पहिला अर्धा भाग खणखणीत आहे, त्याला हात लावू नकोस.

आणि त्या नवऱ्याचं काय? तो सुटतो कसा, म्हणून तुझ्या ग्रुपला राग येणार. येऊ दे. कायद्यात नेमकं याच माणसासाठी कलम आहे. ज्यात देहदंड होऊ शकतो अशा गुन्ह्यात कुणाला अडकवायला जो खोटा पुरावा तयार करतो, त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. जुन्या दंड संहितेत ते कलम १९४, आता न्याय संहितेत २३०. खोट्या पुराव्यामुळे निर्दोष माणूस फासावर गेला, तर पुरावा रचणाऱ्यालाही देहदंड होऊ शकतो. २००९ साली होडीत रक्त सांडणाऱ्याला हे जुनं कलम लागेल. मामांच्या तोंडून हे तालमीत एकदा ऐकव सगळ्यांना.

आता टाळ्यांबद्दल, कारण तू त्यांच्यावर फार भिस्त ठेवली आहेस. "मी आधीच भोगलं आहे" या वाक्यात जे सत्य आहे, त्याला त्या टाळ्या होत्या. तिने खरंच भोगलं आहे. ती वर्षं तिला कुणी परत देणार नाही. अशा माणसाला भरपाई देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे अजून झालेला नाही. विधी आयोगाने २०१८ साली २७७व्या अहवालात त्याची शिफारस केली होती. बिहारच्या रुदुल शाहला निर्दोष सुटल्यानंतरही चौदा वर्षं आत ठेवलं होतं. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला जे देवविलं ते सगळं मिळून पस्तीस हजार रुपये होते. तुझ्या नायिकेचा संताप या जागेवरून येऊ दे. ते वाक्य काढू नकोस, फक्त त्याची जागा बदल. बॅरकमध्ये रात्री एखादी जुनी कैदी तिला हा 'कायदा' सांगते, ती वर्षानुवर्षं त्यावर जगते, आणि बाहेर आल्यावर कुणीतरी, एखादी तरुण वकील म्हण, तिला सांगते की असं काही नाही. त्या क्षणी तिच्या पायाखालून जे सरकतं, ते प्रेक्षकाच्याही सरकेल.

"नाटक आहे, कोर्ट नाही" हे ग्रुपचं म्हणणं मला मान्य नाही, आणि त्याचं कारण गंभीर आहे. लोक कायदा आमच्यासारख्या कायद्याचं काम करणाऱ्यांकडून कमी आणि पडद्यावरून, रंगमंचावरून जास्त शिकतात. कोर्टाच्या आवारात बायका मला विचारतात, नवरा सात वर्षं बेपत्ता असला की लग्न आपोआप मोडतं ना? मोडत नाही. सात वर्षांनी मृत्यू गृहीत धरता येतो आणि त्या आधारावर घटस्फोट मागता येतो, पण कोर्टात जावंच लागतं. या चुकीच्या समजुतीवर दुसरं लग्न करून बसलेल्या बाईला पुढे जे सोसावं लागतं, ते मी जवळून पाहिलं आहे. पात्राने खोटं खुशाल बोलावं. नाटकाने त्या खोट्यावर शिक्का मारून पडदा पाडू नये.

मामांशी अबोला आजच सोड. त्यांना "हे शक्य आहे का?" असं विचारू नकोस, वकील त्याला नाही म्हणूनच उत्तर देतो. असं विचार: "मामा, तिचं अपील हायकोर्टाने फेटाळलं असेल आणि आता नवरा सापडला, तर पहिला अर्ज कुठे करायचा? कुणाच्या सहीने? नवऱ्याची ओळख कशाने पटवायची, बोटांचे ठसे की डीएनए? तो येत नाही म्हणाला तर त्याला आणायचं कसं?" ही त्यांच्या रोजच्या कामाची भाषा आहे, बघ, ते वही काढून बसतील. तुझ्या दुसऱ्या अर्ध्या भागाचा सांगाडा त्या उत्तरांतून मिळेल. रत्नागिरीची प्रकरणं आता कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, तेव्हा हायकोर्टाचा प्रवेश मुंबईत लिहिला असशील तर तेही त्यांच्याकडून तपासून घे. आणि एक दिवस ग्रुपला घेऊन सेशन कोर्टात मागच्या बाकावर बसा. सुनावणी खुली असते, मोबाईल बंद ठेवलात की कुणी उठवणार नाही. आरोपी बाईचं नाव पुकारल्यावर ती कशी उभी राहते, ते तुझ्या नायिकेचं काम करणारीने पाहायला हवं.

शेवटचं, सिनेमाच्या ऋणाबद्दल. कल्पनेवर कुणाची मालकी नसते, मांडणीवर असते. आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स हा १९७८चा निकाल एका नाटकावरून केलेल्या सिनेमाच्या तक्रारीचाच आहे, आणि तिथे हाच फरक सांगितला आहे. बेपत्ता नवरा आणि निर्दोष बायको ही कल्पना तू खुशाल वापर. पण फोनवर मुलगा "डॅडी" म्हणून ओरडतो तो प्रसंग तुझ्या संहितेत "बाबा" होऊन आला असेल, तर काढ. नवरा जिवंत असल्याचं तिला दुसऱ्या कशानेतरी कळू दे, रत्नागिरीतल्या कशानेतरी. आणि संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकाच्या प्रयोगाला परवानगी देणाऱ्या मंडळाकडे, पाठवायची असेल तर हा नवा शेवट लिहून झाल्यावरच पाठव, म्हणजे धावपळ होणार नाही.

तुझी,
ताई